मनकर्णेचा जबाब

आंजनहेटीच्या मनकर्णेचं तोंड अस्वलानं फाडलं, त्याला अजून पुरती चार वर्षंही झाली नव्हती. पण तेवढ्यात तिचे जे फोटो चांद्यापासून मुंबईपर्यंत आणि तिथून पार समुद्रापलीकडं गेले, त्यांच्याखाली ‘वाघानं’ असंच लिहिलेलं होतं म्हणे. मनकर्णेनं ते फोटो कधी पाहिले नाहीत, आणि पाहिले असते तरी तिला वाचता येत नव्हतं. अस्वलाचा वाघ झाला त्यात तिचाही हात होता, हे मात्र तिनं कुणापासून लपवलं नाही. म्हणून ही गोष्ट अस्वलापासूनच सांगायला हवी.

आंजनहेटी म्हणजे पन्नास-साठ घरांची वस्ती. वरच्या अंगाला जंगल, मध्ये जुन्या मालगुजारांनी बांधलेला तलाव आणि तलावाखाली धानाच्या बांध्या. मनकर्णा आणि तिचा नवरा मुखरू यांचं तीन एकर धान होतं, आणि जंगलाच्या कडेला वहिवाटीची मोहाची दोन झाडं. चैत्रात तांबडं फुटायच्या आत मोहफुलं वेचायला जायचं, हा गावातल्या सगळ्याच बायकांचा रिवाज. त्रेपन्न सालच्या चैत्रात मनकर्णा अशीच टोपली घेऊन गेली. झाडाखालचा पाला आदल्या दिवशी जाळून जागा साफ केली होती, एक ओंडका अजून धुमसत होता. पलीकडं काहीतरी काळं हलताना दिसलं. तिला वाटलं, रामाजी पाटलाच्या म्हशीची वगार सुटून आली. तिनं हाड्‌ हाड्‌ केलं, तेव्हा ती वगार दोन पायांवर उभी राहिली.

पुढचं तिला तुकड्या-तुकड्यांनीच आठवायचं. डाव्या डोळ्यापासून ओठापर्यंतची चामडी लोंबत होती आणि तिच्या हातात तो धुमसता ओंडका होता. तो तिनं अस्वलाच्या नाकावर हाणला. एकदा, दोनदा, मग मोजलं नाही. अस्वल ओरडत पुन्हा चार पायांवर आलं आणि झुडपात शिरलं. मनकर्णा मोहाला टेकून बसून राहिली, तशीच लोकांना सापडली.

मुखरू आणि केवळराम, म्हणजे तिचा अठरा वर्षांचा मुलगा, यांनी तिला खाटेवर घालून सात कोस चालत मूल गावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं टाके घातले, कशानं झालं ते विचारून वहीत लिहून घेतलं. डोळा गेला, जीव राहिला.

जीव राहिला म्हणजे सगळं राहिलं असं नसतं. पोरं तिला पाहून आईच्या लुगड्यात तोंड लपवायची. पुतणीच्या लग्नात हळदीला गेली, तर नवरदेवाकडची एक म्हातारी म्हणाली, ‘तू मागं बस वं बाई, नवरीची नजर तुझ्या तोंडावर पडन.’ मनकर्णा मागं बसली. त्यानंतर ती कुणाच्या मांडवात गेली नाही. डोक्यावरचा पदर डाव्या बाजूनं खाली ओढून दातात धरायची सवय लागली. हळूहळू असं झालं की दातात पदर नसेल तर तिला उघड्यानं उभं राहिल्यासारखं वाटे.

याच दिवसांत गावात कंपनी आली. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली तेव्हा मालगुजार गुणवंतरावांच्या घराण्याकडं तलाव राहिला नाही, गाव राहिलं नाही. राहिला तो तलावाच्या पाळीमागचा आजोबांचा शिकारीचा बंगला. गुणवंतराव वरोऱ्यात शिकलेले, इंग्रजी फाडफाड बोलणारे. त्यांनी नागपूरच्या एका शिकार कंपनीशी संधान बांधलं आणि बंगल्याला चुना लावून घेतला. दिवाळी सरली की जीपगाड्या यायला लागल्या. मुंबई-कलकत्त्याचे शेठ यायचे, गोरे साहेब यायचे, त्यांच्या मडमा यायच्या. वाघ मारायचा, नाही तर सांबर, नाही तर नुसतंच जंगल पाहायचं आणि आठ दिवसांनी परत जायचं.

गावाला याचा फायदा झाला नाही असं कुणी म्हणेल तर ते खोटं. मालगुजारांच्या काळात हाका करायला, म्हणजे ओरडत जनावर बंदुकीपुढं हाकलायला, जायचं ते बेगारीत. पाठीवर काठी बसे आणि वर उपाशी परत यावं लागे. आता त्याच हाक्याची रोजी मिळू लागली. मचाण बांधायला माणसं लागत, पाणी भरायला बाया लागत. तीन घरांवर कवेलू जाऊन टिना आल्या. केवळराम हाकेवाल्यांचा मुकादम झाला, डोक्याला खाकी टोपी घालू लागला.

पण कोंबड्या सगळ्या बंगल्यात जाऊ लागल्या. शिवेवरच्या वाघदेवाला वर्षाचा कोंबडा द्यायचा तर तो सिंदेवाहीच्या बाजारातून आणायची पाळी आली. दूध बंगल्यात, लेकरांना काळा चहा. आणि दंडार, म्हणजे गावचा नाच-गाण्याचा खेळ, जी दिवाळीनंतर देवाचं नाव घेऊन, गणाची आरती करून मगच उभी करायची, ती गुणवंतराव सांगतील त्या संध्याकाळी व्हायला लागली. फाल्गुनात म्हणू नका, चैत्रात म्हणू नका. आरतीत वेळ जातो, पाहुणे कंटाळतात, म्हणून एकदम नाचापासून सुरुवात. म्हाताऱ्या झिंगूनं, जो चाळीस वर्षं दंडारीत ढोलकी वाजवत होता, एकदा वाजवली आणि दुसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा हात दुखतो म्हणून सांगून पाठवलं. त्याचा हात दुखत नव्हता, हे गावाला ठाऊक होतं.

मनकर्णेला गुणवंतरावांनी पाहिलं ते तलावावर. ती भांडी घासत होती, पदर ओघळला होता. सोबत एक मडम होती, ती थबकली. गुणवंतराव तिच्याशी इंग्रजीत काही बोलले. संध्याकाळी माणूस आला, मनकर्णाबाईला बंगल्यावर बोलावलंय.

व्हरांड्यात खुर्च्या टाकून पाहुणे बसले होते. गुणवंतरावांनी तिला पायरीवर बसवून पदर काढायला सांगितलं. तिनं काढला नाही. मग ती मडम स्वतः उठून आली, गुडघ्यावर बसली आणि फार हलक्या हातानं पदर बाजूला करून तिच्या गालावरून बोटं फिरवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. टाके निघाल्यापासून त्या गालाला नवऱ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. मनकर्णा बसून राहिली.

गुणवंतराव इंग्रजीत सांगू लागले. पंजा उगारून, दात दाखवून. मनकर्णेला भाषा कळत नव्हती, पण ‘टायगर’ हा शब्द आता गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होता. पाहुणे आत गेल्यावर तिनं विचारलं, ‘मालक, मले तं अस्वलानं फाडलं. तुमी टायगर काऊन म्हणून राह्यले?’

गुणवंतराव हसले. ‘अस्वल पाहाले इतक्या दुरून कोण येते, मनकर्णाबाई? तुझं काय जाते?’

तिचं काय जात होतं, ते तिला तेव्हा सांगता आलं नाही. एक नवं लुगडं मिळालं, ते ती नेसली. पुढच्या पाहुण्यांना पुन्हा बोलावणं आलं, त्याच्या पुढच्यांना पुन्हा. दुसऱ्या वर्षी तर ती स्वतःच सांगू लागली आणि गुणवंतराव फक्त भाषांतर करत. आधी ती ‘जनावर’ म्हणायची. मग वाघ म्हणू लागली. कुठं दबा धरला, कशी झेप घेतली, सगळं रंगवून. माणसं श्वास रोखून तिच्याकडं पाहत, कुणी तोंड फिरवत नसे. ज्या तोंडासाठी मांडवात मागं बसावं लागलं, त्याच तोंडासाठी इथं खुर्च्या पुढं सरकत. हे तिला आवडत होतं. ती नंतर म्हणे, ‘खोटं काऊन सांगू? आवडत होतं.’

मुखरूला मात्र ते सहन होत नसे. तो बोलणारा माणूस नव्हता. एकदा फक्त म्हणाला की शिवेवर ज्याला कोंबडा देतो त्याच्या नावानं खोटं बोलू नये. मनकर्णेनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं तेव्हा गेली.

सत्तावन्न सालचा जानेवारी होता. धानाची चुरणी चालू होती. मनकर्णा खळ्यात सुपानं धान उधळत असताना इस्तारी नाकेदार सायकल हातात धरून बांधावर येऊन थांबला. इस्तारी म्हणजे जंगल खात्याचा गार्ड, दहा वर्षं याच बीटवर. त्यानं इकडचं-तिकडचं विचारलं आणि मग मुद्द्यावर आला. जंगल खात्यानं आंजनहेटीच्या जंगलाचा ब्लॉक दोन वर्षांसाठी शिकारीला बंद केला होता, हे गावाला माहीत होतं. कंपनी चिंतेत होती, हेही माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं, की बंद ब्लॉकमध्येही नरभक्षक ठरलेलं जनावर मारता येतं, आणि भुईनाल्यातली वाघीण नरभक्षक आहे असा अर्ज गुणवंतरावांनी वर पाठवला होता. मोठे पाहुणे येणार होते, नवरा-बायको, त्यांना वाघ हवाच होता. अर्जात दोन नावं होती. एक वारलू गुराखी, वाघिणीनं मारला म्हणून. दुसरं नाव मनकर्णा, वाघिणीच्या तावडीतून वाचली म्हणून. मनकर्णेच्या नावापुढं अंगठा होता.

‘वारलू तं तापानं मेला,’ मनकर्णा म्हणाली. ‘मी स्वतः त्याच्या मायजवळ बसून होती.’

‘ते मले ठाऊक आहे,’ इस्तारी म्हणाला. ‘बेस्तरवारी मोठे साहेब येतात चौकशीले. तुले इचारतीन. म्हणून सांगाले आलो.’

अंगठा तिला आठवला. महिन्याभरापूर्वी बंगल्याच्या मुनीमनं एका कागदावर घेतला होता, बंगल्यावर येते त्याबद्दलचा कागद आहे म्हणाला होता. तिनं सूप खाली ठेवलं, हात झटकले आणि तशीच, अंगावरच्या भुशासकट, बंगल्याकडं निघाली.

भुईनाल्यातली वाघीण गावाला नवी नव्हती. डाव्या पायानं किंचित लंगडायची, म्हणून तिला थोटी म्हणत. जंगलात असताना तेही म्हणत नसत, नुसतं ‘ते’ म्हणत. वर्षाकाठी एखादी गाय न्यायची. पण सरपणाला गेलेल्या बायांच्या वाटेत आली तर स्वतः बाजूला होऊन उभी राहायची, असं सांगणाऱ्या पाच बाया गावात होत्या. त्यातली एक मनकर्णाच होती.

गुणवंतराव व्हरांड्यात बंदुकांची साफसफाई करून घेत होते. ते रागावले नाहीत. त्यांनी तिला बसायला सांगितलं, आणि एखाद्या समजूतदार बाईशी बोलावं तसे बोलले. कंपनी गेली तर हाक्याची रोजी जाईल. पाणी भरणाऱ्या बाया घरी बसतील. केवळरामची टोपी जाईल. एका लंगड्या जनावरापायी साठ घरांच्या चुली विझवायच्या का? वारलू तर मेलाच आहे, तापानं काय नि वाघानं काय, त्याला फरक पडत नाही.

मनकर्णा म्हणाली, तुम्ही माझा अंगठा फसवून घेतला.

‘अन् तू दोन वर्सं पाहुण्यांले काय सांगत होती? तवा कोणी फसवत होतं तुले?’ गुणवंतराव शांतपणे म्हणाले. ‘खोटं ते खोटंच असते, मनकर्णाबाई. पाहुण्यापुढं चालते, तं साहेबापुढं काऊन नाई चालत?’

 ती आली तशी परत गेली. आणि ती निघताना त्यांनी हेही सांगून ठेवलं की सरकारी कागदावर खोटा अंगठा दिला असं निघालं तर पोलिस मुनीमला नाही, अंगठेवालीला धरतात.

बेस्तरवारपर्यंतचे, म्हणजे गुरुवारपर्यंतचे, तीन दिवस तिच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. रामाजी पाटील येऊन बसला. त्यानं धमकावलं नाही, हात जोडले. पाणी भरणाऱ्या बुधरीनं येऊन सांगितलं की या रोजीवर तिच्या लेकीचं बाळंतपण निभलं. प्रत्येक जण आपापल्या जागी खरं बोलत होता, आणि तेच मनकर्णेला जड जात होतं. खोटं बोलणाऱ्याला उत्तर देता येतं.

सगळ्यात जड गेला केवळराम. तो टोपी हातात धरून चुलीपाशी बसला. म्हणाला, ‘माय, तू दोन वर्सं वाघच सांगितला. आता एक डाव अजून सांगजो. मंग पुन्हा कधी बंगल्यावर नको जाऊ. मी जाऊ देणार नाई.’

मनकर्णेनं त्याला भाकर वाढली. तो गेल्यावर तिनं मुखरूला विचारलं, तुम्हाला काय वाटतं. मुखरू विडी विझवून कानामागं ठेवत म्हणाला, ‘तोंड तुझं आहे.’ एवढंच. ती चिडली. मग तिच्या ध्यानात आलं की चार वर्षांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं. ते तोंड म्हणजे कुणासाठी अपशकुन होतं, कुणासाठी तमाशा, आणि आता कुणासाठी पुरावा.

बेस्तरवारी सकाळी नऊलाच जीप आली. मोठे साहेब म्हणजे जंगल खात्याचे जिल्ह्याचे अधिकारी, पन्नाशीचे, जाड चष्म्याचे. बंगल्याच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. बाजूला एक कारकून, मागं इस्तारी. पलीकडच्या खुर्च्यांवर ते गोरे नवरा-बायको. त्यांना बहुधा सांगितलं होतं की आज वाघवाली बाई दिसेल. अंगणात गाव जमलं होतं. पुढं रामाजी पाटील, त्याच्या मागं हाकेवाले, त्यांच्यात केवळराम.

मनकर्णा पायऱ्या चढून वर गेली. गुणवंतरावांनी सवयीनं पायरीकडं बोट दाखवलं. ती पायरीवर बसली नाही. टेबलासमोर उभी राहिली आणि दातातला पदर सोडून डोक्यावरून खाली घेतला. तिनं तो स्वतःहून काढला, असं गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

साहेबांनी अर्ज वाचून दाखवला. मग विचारलं, ‘हा अंगठा तुमचा आहे?’

‘माझा आहे.’

‘मग यात लिहिलंय ते खरं आहे?’

गुणवंतराव काही बोलायला पुढं झाले. साहेबांनी हात वर केला.

‘नाई,’ मनकर्णा म्हणाली. ‘मले अस्वलानं फाडलं. मोहाखाली. मूलच्या दवाखान्यात लिहून आहे, पाहून घ्या.’

अंगणात कुजबुज उठली. गुणवंतराव हसत साहेबांना म्हणाले की बाई घाबरली आहे, तिच्या मनावर परिणाम झालाय, आजवर शंभर पाहुण्यांना तिनं वाघाचीच हकीकत सांगितली आहे, हवं तर गावाला विचारा.

‘सांगितली,’ मनकर्णा म्हणाली. ‘मालक खरं सांगतात. मी दोन वर्सं खोटं बोलली. लुगड्यासाठी बोलली, अन् लोकं माझ्या तोंडाकडं पाहतात म्हणून बोलली. पाहुण्यापुढं खोटं बोलली तं माझीच अब्रू गेली, साहेब. इथी खोटं बोलली तं दुसऱ्याचा जीव जाते. म्हणून इथी बोलत नाई. अंगठ्यासाठी मले धरा लागन तं धरा.’

साहेब तिच्याकडं पाहत होते. तिनं आपला गाल त्यांच्यापुढं केला. ‘तुमी जंगलाचे साहेब आहात. वाघ मान धरते. तोंड फोडते ते अस्वल. हे आमच्या गुराख्याच्या पोराले ठाऊक आहे. या नाकेदाराले भी ठाऊक आहे.’ आणि ती इस्तारीकडं वळली. ‘सांगा ना भाऊ. मले खाटेवर नेलं तवा तुमी नाक्यावर होते.’

इस्तारीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. गुणवंतरावांच्या बंगल्यावरचा चहा, कधी सांबराचं मटण, हे सगळं त्याच्या पोटात होतं. तो सायकलवरून सांगायला आला ते तेवढ्यावर सुटावं म्हणून. आता साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं आणि तो जमिनीकडं पाहत म्हणाला, ‘अस्वल, साहेब.’

‘आणि वारलू?’

‘ताप, साहेब.’

कारकुनाची लेखणी चालू होती. तेवढ्यात खुर्चीतला गोरा म्हातारा उठला आणि काही विचारू लागला. गुणवंतरावांनी तोंड फिरवलं. साहेबांनीच मराठीत सांगितलं, ‘हे विचारतात, तू सुटलीस कशी? आणि अस्वलाचं काय झालं?’

दोन वर्षं तिनं ज्या पायरीवर बसून झेपेची आणि डरकाळीची गोष्ट सांगितली होती, तिच्यापासून दोन पावलांवर उभं राहून आता ती खरी गोष्ट पहिल्यांदाच सांगत होती. ती फारच लहान निघाली.

‘जळता ओंडका होता, नाकावर हाणला. ते गेलं आपल्या वाटेनं. मोहफुलं त्याले भी लागतात.’

साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं.  म्हाताऱ्याच्या बायकोनं फोटोची पेटी उचलली. मनकर्णेनं तिच्याकडं हात करून नाही म्हटलं. ते समजायला भाषा लागली नाही. बाईनं पेटी मांडीवर ठेवली.

मनकर्णा पायऱ्या उतरली तेव्हा अंगणातल्या माणसांनी तिला वाट करून दिली, पण मानानं नव्हे. रामाजी पाटील थुंकला. केवळराम टोपी काढून उलटसुलट करत उभा होता. ती जवळून गेली, तेव्हा त्यानं मान वळवली. मुखरू पाळीवर एकटाच बसला होता. तो उठला आणि तिच्यामागून चालू लागला.

परवानगी मिळाली नाही. मनकर्णेला कुणी धरलं नाही. साहेबांनी मुनीमला बोलावून तासभर आत घेतलं होतं, एवढंच गावाला कळलं. होळीच्या आत कंपनीनं बंगल्यातल्या खाटा, कंदील, भांडी जीपमध्ये घातली आणि दक्षिणेकडं, सिरोंच्याच्या अंगाला, दुसऱ्या जंगलात बस्तान हलवलं. गुणवंतराव वरोऱ्याला गेले. बंगल्याला कुलूप लागलं.

ते साल मनकर्णेला फार वाईट गेलं. बाया तिच्यासोबत पाण्याला येत नसत. बुधरी तर तिला पाहून घागर घेऊन वाट बदलायची. उन्हाळ्यात हाक्याची रोजी नव्हती, माणसं तेंदूपानं तोडायला दूरदूर गेली आणि जाताना तिच्या दारावरून शिव्या देत गेली. केवळराम घुग्घुसला कोळशाच्या खाणीत लागला. निघताना बापाच्या पाया पडला, आईच्या पडला नाही.

पावसाळ्यात वाघिणीनं रामाजी पाटलाचा बैल मारला. ऐन रोवण्याच्या दिवसांत. पाटील सगळं गाव घेऊन मनकर्णेच्या बांधीवर आला. ती गुडघाभर चिखलात, हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी. पाटील ओरडून म्हणाला की जा, आता तुझ्या वाघिणीपासून माझा बैल आणून दे.

मनकर्णा सरळ उभी राहिली. तोंडावर पदर नव्हता. त्या बेस्तरवारपासून तिनं तो दातात धरणं सोडलं होतं.

‘पाटील, बैल गेला ते वाईट झालं,’ ती म्हणाली. ‘चाला, मी येते तुमच्यासंगं नाक्यावर. तिनं बैल मारला, तं बैल मारला म्हणून लिहा. माणूस मारला म्हणून मी लिहू देणार नाई.’

ती खरंच गेली. पेंडी मुखरूच्या हातात देऊन, चिखलाच्या पायांनी, पाटलाच्या पुढं. इस्तारीनं अर्ज लिहिला, पाटलानं सही केली, साक्षीला मनकर्णेचा अंगठा. या वेळी तिनं कागद आधी दोनदा वाचून दाखवायला लावला. भरपाई आली नाही. पण परतताना पाटील तिच्याशी बोलला, रोवणा कुठवर आला ते विचारलं. दोघं निम्म्या वाटेपर्यंत पावसापाण्याचं बोलत आले.

दिवाळीनंतर दंडार उभी राहिली. पाहुणे नव्हते, खुर्च्या नव्हत्या. झिंगूनं ढोलकी काढली आणि गणाची आरती एवढी लांबवली की पोरं कुरकुरली. केवळराम त्या दिवशी घुग्घुसहून आला होता, कपड्यांच्या शिवणीत कोळसा. आईशी तो अजून मोजकंच बोलत होता. जेवताना म्हणाला की खाणीतल्या लोकांना कुठून तरी कळलं, वाघवालीचा पोरगा म्हणून त्याला चिडवतात.

मनकर्णेनं विचारलं, ‘मंग तू काय म्हणते?’

‘म्हटलं, अस्वल होतं,’ केवळराम म्हणाला. आणि भात कालवत, ‘कोणी ऐकत नाई, माय. त्यायले वाघच पायजे.’

‘आपून सांगत राहाचं,’ मनकर्णा म्हणाली आणि त्याच्या ताटात वरण वाढलं.

तो दोन दिवस राहून परत खाणीत गेला. त्याला गावात काम नव्हतंच.